साखरेची मोटर

जयपूर, २२ मे २०२५

संकल्प,

जय भीम. तू फोन उचलत नाहीस. माझा नंबर तू काय करून ठेवला आहेस ते मला समजत नाही, पण एकदाच वाजतो आणि बंद होतो. म्हणून हे पत्र. चाकणचा पत्ता तुझ्या आईने दिला. दिला म्हणजे हातात नाही दिला, कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवला आणि आत निघून गेली. माझ्याशी ती सध्या चहा-पाण्यापुरतंच बोलते.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. हिंदी शाळेत घातल्याचा परिणाम. ‘ळ’ आला की तू अजून ठेच लागल्यासारखा थांबतोस. बरंच आहे. हळूहळू वाच, म्हणजे तेवढा वेळ तरी बापाचं ऐकल्यासारखं होईल.

कॉलनीत मी सांगितलं आहे की मुलाला पुण्याकडे नोकरी लागली, म्हणून गेला. कूलरवरून भांडण होऊन गेला असं सांगितलं तर लोक हसतील. आणि हसण्यासारखंच आहे. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, बाप ड्यूटीवरून भाजून आलाय, आणि घरात पोरगा कूलर बंद करून शेगडीवर साखर शिजवत बसलाय. कुठल्या बापाने ऐकून घेतलं असतं? त्यावर तुझं उत्तर काय, तर म्हणे कूलरने खोलीत नमी येते आणि रॉकेटची मोटर सादळते. जयपूरच्या मे महिन्यात नमी! इथे ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो.

नाचता येईना, अंगण वाकडं. तुझ्या मोटरी फुटतात त्या मागच्या बुचातून. दरवेळी. मी लांबून पाहिल्या आहेत. बूच नीट बसत नाही, तिथून वाफ निसटते आणि सगळं मागच्या बाजूने उडतं. मी सगळी नोकरी ब्रेकचे पाईप जोडण्यात घालवली. हवा कुठून पळते हे मला आवाजावरून कळतं. तुला शंभरदा सांगितलं, बूच मला बसवू दे. तू म्हणालास, बाबा, ही ट्रेन नाही.

तर आता ऐक. तुझं सामान इथेच पडलं आहे. नळ्या, साखरेचा डबा, त्या पांढऱ्या क्षाराची बरणी, चाचणीचं ते लोखंडी स्टँड, सगळं. मी त्याच खोलीत, कूलर चालू ठेवून, तुझ्याच सामानातून एक मोटर बनवणार आणि चालवून दाखवणार. तू तीन उन्हाळे बडबडत करत होतास, ते सगळं माझ्या कानावर पडलेलं आहे. ३० जूनला मी रिटायर होतोय. क्वार्टर सोडायचं, अकोल्याला जायचं. त्याआधी मला हा निकाल लावायचा आहे. मोटर चालली की तू यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, की बाबा, कूलरचा काही दोष नव्हता.

बाकी सगळं ठीक.

बाबा

जयपूर, १ जून

संकल्प,

आज पहिली मोटर लावली. चालली नाही. मोजून सांगायचं तर एक फूटही सरकली नाही, आणि सरकायची नव्हतीच, कारण स्टँडला उलटी बांधली होती. पण तुला कळलं मी काय म्हणतो ते.

बगरूकडे आमच्या मीणाचं शेत आहे, तिथे गेलो होतो. रामकिशन मीणा, माझ्याच गँगमधला, तुला आठवत असेल. तुझ्या बारावीच्या पेढ्यांचा अर्धा डबा त्यानेच संपवला होता. त्याचं शेत सध्या मोकळं आहे, पेरणी व्हायची आहे. छपाईवाल्यांची कापडं वाळत पडतात त्यापासून बरंच लांब. तू करायचास तशी वाळूची पोती लावली, वायर लांब घेतली, मीणाला मागे उभं केलं. मीणा कसला ऐकतो. मला म्हणाला, “पंडितजी, मुहूरत तो थे ही निकालो.” इतकी वर्षं एकत्र काम केलं, मी वैशाख पौर्णिमेची सुट्टी का घेतो हे त्याला माहीत आहे, तरी ‘पंडित’ हे माझं नाव ऐकलं की याला मुहूर्त आठवतो. मी म्हटलं, आपला मुहूर्त म्हणजे बटण दाबेल तो. हसला, आणि तरीही दिशा बघून उभा राहिला.

बटण दाबलं. आतून फुस्स झालं. मग थांबलं. मग पुन्हा फुस्स. मग पुन्हा थांबलं. दम्याचा म्हातारा जिना चढावा तसं. शेवटी थोडा पांढरा धूर आला आणि मोटर मेली. मीणा म्हणाला, पंडितजी, इससे तो म्हारी बीड़ी अच्छी.

पण एक गोष्ट लक्षात घे. बूच फुटलं नाही. मी बसवलेलं बूच जागच्या जागी होतं, रेघही हलली नाही. म्हणजे माझं म्हणणं अर्धं तर सिद्ध झालंच. राहिला प्रश्न फुस्स होण्याचा. ते पेटवण्याच्या तारेमुळे झालं. तार जुनी होती. पुढच्या वेळी नवी लावतो.

कूलरच्या टाकीत मुंग्या झाल्या होत्या, म्हणून सगळी टाकी उपसून धुवावी लागली. त्या दिवशी मोटरमध्ये भरायच्या साखरेच्या वड्या टाकीत पडल्या ना, साखर पाण्यात उतरली, म्हणून. तू ज्याला ग्रेन म्हणतोस त्याला मी वडीच म्हणणार. तुझी आई तर बर्फी म्हणते.

आई रोज तुझ्याशी फोनवर बोलते, हे मला माहीत आहे. ती गॅलरीत जाऊन बोलते. काय म्हणाला विचारलं तर म्हणते, “जेवला म्हणे.” रोज जेवतोस हे ऐकून आनंद वाटला.

बाबा

जयपूर, ८ जून

संकल्प,

आज दुसरी आणि तिसरी. दोन्ही फुसकल्या.

तार नवी होती. साखर नवी होती. मागच्या वेळी मला वाटलं साखर जाड होती, म्हणून या वेळी मिक्सरमध्ये बारीक केली, आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते तुला आईने सांगितलंच असेल. तिचं म्हणणं, “चटणीचं भांडं हाये ते! त्यात तुमची बारूद दळता काहून?” बारूद नाही, नुसती साखर होती, आणि ती मी वेगळी दळली, हे तिला पटलं नाही. आता चटणी पाट्यावर वाटते आणि वाटताना माझ्याकडे बघते.

मी सगळं केलं. नळी घासून घेतली. नोझल पुन्हा बसवलं. वड्या घट्ट दाबल्या. बूच बसवून आत हवा भरली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. अशी जोडणी मी साहेबांच्या इन्स्पेक्शनलाही केली नव्हती. तरी तेच. फुस्स, थांब, फुस्स, थांब. स्टँडखालचा वजनकाटा इतका थोडा हलला की वाऱ्याने हलला का मोटरने, हे सांगता येईना. मला इतका राग आला की ती नळी उचलून शेताबाहेर भिरकावून द्यावी. दिली नाही. थांबायचं ते थांबलो, थंड झाल्यावरच जवळ गेलो. तू शिकवलेलं तेवढं मी पाळतो.

बोटाला काही झालेलं नाही. आई काही सांगेल, तर तिकडे लक्ष देऊ नको. शेगडीचा चटका होता, मोटरचा नव्हता. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे.

पोलीस चौकीत अर्जही देऊन आलो. तू कॉलेजचं पत्र घेऊन जायचास, माझ्याकडे कसलं कॉलेज? रेल्वेचं ओळखपत्र घेऊन गेलो. हवालदाराने नाव वाचलं, खुर्ची पुढे केली, पंडितजी विराजो म्हणाला. मग पुढचं आडनाव वाचलं, तायडे, आणि विचारात पडला. मग अर्ज वाचला आणि आणखीच विचारात पडला. “रॉकेट? आप? इस उमर में?” मी म्हटलं, मुलाचं आहे. मुलगा कुठे आहे, विचारलं. मी सांगितलं, कामाला गेलाय. त्याने शिक्का मारला.

आता तू हसत असशील. हस. तुझ्या मोटरी निदान फुटायच्या, माझ्या तर फुटतही नाहीत. पण म्हणून कूलरचं म्हणणं मी मान्य केलं असं समजू नको. क्षाराची बरणी जुनी झाली असेल. किंवा नोझलचं भोक मोठं असेल. तू एक ओळ लिहून पाठवलीस, की भोक केवढं ठेवायचास, तर तुझं काय जाईल? आईच्या फोनवर सांग, ती मला सांगेल. एवढाही ताठा बरा नव्हे.

बाबा

जयपूर, १२ जून

संकल्प,

आज ड्यूटी नव्हती. दुपारी पुढच्या खोलीत बसलो होतो. समोर कूलर, हातात नळी, बाजूला वाटीत चिवडा. सकाळीच आईने केलेला, ताजा. तासाभराने तोंडात घास टाकला, तर पोहे रबरासारखे. मी ओरडलो, की शिळा चिवडा का दिलास. आई आतून उंबरा ओलांडून आली, वाटीत बोट घातलं आणि म्हणाली, “कूलरच्या तोंडाशी वाटी ठेवली तं सादळणारच ना! तेवढंही समजत नाही तुमाले? पोरगं घसा फोडून हेच सांगत होतं.”

आणि माझी दुपारची गुंगी उडाली.

आई आत गेली. मी उठून कूलरच्या जाळीवर हात ठेवला. वाळ्याचा वास, गार वारा, आणि तळहात ओला. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण मी बसलो होतो कूलरच्या पाण्यात. मी रोज तिथे बसतो. रोज तिथेच वड्या पाडतो. कपाटावर ठेवलेली एक वडी घेतली आणि बोटाने दाबली. चिकटली.

बोट पंच्याला पुसलं. मग कूलर बंद केला.

तुला सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत माझा निश्चय संपत आला होता. वर पत्रा असल्यासारखी खोली तापली. पंखाही लावता येईना, शेगडीवर वारा येतो. डोक्यावर ओला पंचा घ्यावा म्हटलं तर तोही ओलाच. घाम वडीवर पडेल म्हणून मनगटाला रुमाल बांधला. तू बांधायचास, तेव्हा मी तुला विचारायचो, की कुस्तीला निघालास का. आई शेजारी सरोजिनीबाईंकडे जाऊन बसली. जाताना म्हणाली, “सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” आणि मला वाटतं ती बापाबद्दल बोलत होती, पण मुलाबद्दलही असेल.

तू असाच बसायचास. तीन उन्हाळे. मी ड्यूटीवर असताना, म्हणजे मला कूलर बंद दिसू नये म्हणून. त्या दिवशी माझी शिफ्ट लवकर सुटली.

एक गोष्ट मागच्या पत्रात चुकीची लिहिली आहे. वड्या टाकीत पडल्या नव्हत्या. मी टाकल्या. तू पाहत होतास, तेव्हा तुला सांगायची गरज नाही, पण पत्रात खोटं राहू नये म्हणून लिहितो. यावर मी आणखी काही लिहिणार नाही, लिहायला गेलो की मला माझाच राग येतो आणि अक्षर बिघडतं.

वड्या आईच्या कुरडयांच्या हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत. रविवारी जातो.

बाबा

जयपूर, १५ जून

संकल्पा,

चालली!

अरे, चालली! फुस्स नाही, थांबणं नाही. बटण दाबलं आणि थेट गर्जना. जमिनीतून येते तशी. स्टँडचे पाय थरथरले, धूळ उठली, वजनकाट्याचा काटा एवढा जोरात गेला की शेवटाला आपटून परत आला. आणि हे बघता बघता संपलं. मीणा कान धरून खाली बसला होता. उठून मला म्हणाला, “पंडितजी, थारो छोरो तो पागल छै ही, थे बी छो!” मी त्याला मिठीच मारली. माझ्या कपड्यांना धुराचा वास होता, तो बिचारा शिंकत राहिला.

आणि बूच! बूच जागेवर. केसभर हललं नाही. थंड झाल्यावर उघडून पाहिलं, वॉशर साधा काळवंडलाही नव्हता.

आता शांत डोक्याने वाच. तू कूलर बंद करून कोरड्या वड्या करायचास, त्या जोरात जळायच्या, आणि तुझं बूच तो जोर सोसायचं नाही. म्हणून तुझी फुटायची. माझं बूच पक्कं, पण वडी सादळलेली, म्हणून माझी फुसकायची. तू बरोबर होतास आणि मीही. तीन उन्हाळे एका घरात राहून आपण दोघं अर्धी अर्धी मोटर बनवत बसलो. तू मला बूच बसवू दिलं असतंस आणि मी तुला कूलर बंद करू दिला असता, तर ही मोटर दुसऱ्या उन्हाळ्यातच उडाली असती. आता यात हसावं का डोकं आपटावं, मला कळत नाही. मी दोन्ही केलं.

कूलर निर्दोष आहे, असं तू म्हणायला यायचं होतं. ती अट मी मागे घेतो. नुसता ये. कपाटावर तुझं ते रॉकेट अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आहे. आई दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसते, रॉकेटवरची नाही, प्लास्टिकवरची. त्याच्या मापाची दुसरी मोटर मी याच आठवड्यात करतो. रविवारी २२ तारखेला मीणाचं शेत मिळेल, पुढच्या आठवड्यात पेरणीला लागेल. चौकीतला कागदही महिनाअखेरपर्यंतच चालतो. शनिवारची गाडी पकडलीस तरी सकाळी पोचशील. स्टेशनवर मी येतो. मी स्वतः बटण दाबणार नाही, बटण तू दाबायचं. मी बूच बसवतो. तेवढं मला ठेव.

तुझा,
बाबा

जयपूर, १८ जून

संकल्प,

आज अभिनव आला होता. तुझा राजा पार्कचा मित्र. स्कूटरवर मागे दोन रिकामी खोकी बांधून. मला वाटलं तू पाठवलंस, काहीतरी निरोप आहे. मी त्याला बसवलं, लस्सी मागवली, आणि वेड्यासारखा त्याला मोटरची गोष्ट सांगू लागलो. तो ऐकत होता, खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “अंकल, संकल्प ने बोला था सामान ले जाने को. स्टँड, ट्यूब, सब. उसने छोड़ दिया ना. मेरे कॉलेज के जूनियर्स को दे दूँगा.”

मी विचारलं, छोड दिया मतलब?

म्हणाला, अंकल, वो तो मई में ही बोल दिया था.

मे मध्ये. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. मी शेगडीपुढे भाजत होतो, चौकीत शिक्के मारून आणत होतो, मीणाच्या शेतात म्हातारपणी उड्या मारत होतो, तेव्हा तू खेळ सोडूनही दिला होतास. मी कुणाशी भांडत होतो इतके दिवस?

अभिनवला मी खोकी रिकामीच परत पाठवली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो गेल्यावर आईला विचारलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, “मले माहीत व्हतं. त्यानं पयल्याच दिवशी सांगतलं. म्हणे आई, आता मी ते नावच घेत नाही. तुमाले सांगून काय करू? तुमचा जीव लागला व्हता. मले वाटलं, बाप करते आहे तं पोरगं येईन.”

मी म्हटलं, माझी पत्रं? ती म्हणाली, पोचली. तू वाचतोस का, हे तिने विचारलं नाही. तिलाही उत्तराची भीती वाटत असेल.

संकल्प, तुझी चिडचिड मला समजते. वड्या बुडवल्या, बोलू नयेत असे शब्दही बोललो, मान्य. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. मला शिव्या दे, वर्षभर फोन करू नको. पण मोटरवर का काढलास? ती तुझी होती. मी तिला हातही लावला नव्हता, तेव्हापासून तुझी होती. तू नववीत होतास, तेव्हा फटाक्याची नळी घेऊन माझ्याकडे आला होतास, की बाबा, हे वर कसं जातं. मला उत्तर आलं नव्हतं. आज येतं, तर विचारणारा कुठे गेला?

दुसरी मोटर तयार आहे. काय करायची तिची, तूच सांग. सांगणार नाहीस, मला माहीत आहे.

बाबा

जयपूर, २३ जून

संकल्प,

काल मी ते रॉकेट उडवलं. रागात उडवलं, हे आधी सांगतो. तू येणार नाहीस हे पुण्याहून शनिवारच्या गाड्या सुटून गेल्या तेव्हाच नक्की झालं. सकाळी मी कपाटावरून तो डोलारा उतरवला, प्लास्टिक फाडलं आणि म्हटलं, ज्याला नको त्याला नको, अकोल्याला मी ओझं नेणार नाही. आज जळून जाऊ दे.

आई म्हणाली, मी पण येते. ती कधी येत नाही. ऊन सोसत नाही तिला. छत्री घेऊन मीणाच्या गाडीत मागे बसली. मांडीवर पिशवी आणि त्यात फोन, एवढंच मी पाहिलं.

शेतात सगळं नीट केलं. मोटर तीनदा तपासली. बूच, वॉशर, नोझल, तार. वारा अगदी मंद होता. मीणाला पोत्यांमागे बसवलं. त्याने या वेळी मुहूर्त विचारला नाही, माझं तोंड बघून गप्प राहिला. आई खेजडीच्या झाडाखाली उभी होती, एक हात छत्रीला, एक हात वर. मला वाटलं डोळ्यांवर ऊन येतंय.

बटण मी दाबलं. तू दाबणार होतास. असो.

गेलं. काय गेलं रे! मी जन्मभर गाड्या सोडल्या, हिरवा झेंडा दाखवलेल्या गाड्या जाताना पाहिल्या, पण सगळ्या आडव्या जातात. हे उभं गेलं. पहिला एक क्षण अगदी सरळ, दोरी लावल्यासारखं, आणि माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला. मग वर जाता जाता डावीकडे कललं, आणखी कललं, पॅराशूट उघडलंच नाही, आणि लांब रिकाम्या शेतात नाक खुपसून पडलं.

मी बघत राहिलो. आणि मागून, खेजडीखालून, आवाज आला.

“बाबा, तिरकं गेलं.”

मी वळलो. आई फोन वर धरून उभी होती, रॉकेटकडे तोंड करून. हात तिने अजून खाली घेतला नव्हता. तिने कधी कॉल लावला, तू किती वेळ बघत होतास, मला काही माहीत नाही. तुझं तोंड फोनवर तळहाताएवढं दिसत होतं, पाठीमागे कसल्या तरी खोक्यांच्या भिंती होत्या. दाढी वाढवली आहेस. तू पुन्हा म्हणालास, बाबा, डावीकडे कललं, वारा होता का?

मी खेजडीकडे धावलो. फोन मी बंद केला असं तुला वाटलं असेल, आणि अजून राग गेला नाही म्हणून केला, असंही वाटलं असेल. तसं नाही. मी तो आईच्या हातातून घेतला, काहीतरी बोलायचं म्हणून घेतला, आणि कुठलं बटण दाबलं मला दिसलं नाही. डोळ्यांत धूर गेला होता. मग आई परत लावत होती, तर शेतात रेंज गेली. घरी येईपर्यंत तू कामावर होतास. आणि रात्री मला फोनवर बोलता आलं नसतं. म्हणून लिहितोय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मीणाला मी सांगितलं, वारा होता. वारा नव्हता. मी शेतात चालत जाऊन सगळे तुकडे गोळा केले. मोटर शाबूत आहे, बूच जागेवर आहे. पंख सैल होता. तिनांतला एक, तू लावलेला, मुळापासून हलत होता. जोरात वर जाताना तो वळला आणि रॉकेटला घेऊन गेला.

मी सबंध नोकरीत दुसऱ्याने केलेला एकही जोड हात लावून पाहिल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली नाही. साहेबाने केलेला असो, मीणाने केलेला असो. शिव्या खाल्ल्या, पण हलवून पाहिला. काल मोटर मी तीनदा पाहिली, कारण ती मी केली होती. पंखांना हात लावला नाही. ते तू चिकटवले होते.

नवे पंख करावे लागतील. मला ते येत नाहीत, मी फक्त बूच बसवतो. तीस तारखेपर्यंत मी इथेच आहे, आणि त्यानंतर अकोल्यात. स्टँड घेऊन जातोय. तिकडे जुलैमध्ये हवा ओली असते, तर कोरडी खोली कुठे मिळेल हे तुला माहीत असेल.

बाबा